करमाडचं पाकीट

बिडकीनची ज्वारी आणि करमाडची ज्वारी पडद्यावर एकमेकींवर तंतोतंत बसल्या, तेव्हा मला आधी वाटलं की माझ्याच हातून काहीतरी चुकलं. एकाच रोपाचा रस दोन नळ्यांत गेला असणार. माझ्या मुलीला, स्वरालीला, ताप होता त्या आठवड्यात, आणि रोपांची पानं खुडताना मी अर्धी घरीच होते. तिचं कपाळ हाताला लागत होतं, नळी हाताला लागत नव्हती. म्हणून मी दोन्ही पाकिटांतले दाणे पुन्हा ओल्या कागदावर पसरले. कोंब आले, पोपटी पानं आली, पुन्हा खुडली, पुन्हा वाटली, पुन्हा यंत्रात घातली. तेच. निळ्या रेषेवरची शिखरं जिथं बिडकीनची तिथंच करमाडची, उंचीसुद्धा सारखी. एखाद्या घरात पाहुणी म्हणून जावं आणि भिंतीवरच्या फोटोत आपलाच चेहरा दिसावा, तसं झालं. आनंद व्हायला हवा होता खरं तर. माझं कामच ते होतं, सारखं शोधायचं.

आमचा हा बियाण्यांचा संग्रह पैठण रोडला आहे. संग्रह म्हटलं की लोकांना काचेच्या पेट्या वाटतात. तसं काही नाही. दोन थंड खोल्या, खोल्यांत लोखंडी खण, खणांत चंदेरी पाकिटं आणि पाकिटांत मराठवाड्यातल्या गावागावांतून कधीकाळी मुठीमुठीनं आणलेलं बी. बाहेर ऊन एवढं, की रिक्षाच्या सीटवर रुमाल टाकून बसावं लागतं, आणि आत स्वेटर घालून जायचं. उन्हाळ्यात वीज सारखी जाते, मग जनरेटर, मग डिझेल. यंदा वरून निरोप आला, एक खोली बंद करा. एका खोलीत मावेल एवढंच ठेवा. एकाच वाणाला चार गावांत चार नावं असतात आणि गोळा करणाऱ्यांनी चारही आणलेली असतात. त्यातलं एक ठेवायचं, बाकीची काढायची. दिसायला सारखं म्हणून सारखं नसतं, वेगळं दिसलं म्हणून वेगळं नसतं. म्हणून डीएनएमधल्या ठरावीक जागा तपासायच्या. त्या जागांना मार्कर म्हणतात. सगळ्या जागी दोघी जुळल्या, की त्या दोघी नाहीतच, एकच आहे. तेव्हा तिच्यापुढं 'डुप्लिकेट' लिहायचं आणि पाकीट बाहेर. देवेश सर, आमचे प्रकल्पप्रमुख, मला म्हणाले होते, "कालिंदी मॅडम, तुमच्या हातात कात्री दिलीय. हात आखडू नका."

मग शेंद्र्याची जुळली. मग चितेगावची. मग अख्ख्या खणातली एकेक करून, शाळेत एकसारखे गणवेश घालून पोरी रांगेत याव्यात तशी. देवेश सर रोज माझ्या टेबलामागं येऊन उभे राहायचे, चहाचा कप हातात, आणि पडद्याकडं बघून जिभेनं टक्क करायचे. "हीसुद्धा? बघा, जुन्या लोकांनी काय करून ठेवलंय. जीप घ्यायची, गावात जायचं, हुरडा खायचा, येताना मूठभर ज्वारी आणायची, झाला नवा वाण! जागा अडवून बसलेत नुसते." मी हसले. हसायला लागतं. पण माझ्या डोक्यात करमाड अडकलं होतं, कारण करमाडची ज्वारी मी खाल्लेली होती. माझ्या मामांचं शेत जालना रोडच्या कडेला होतं. थंडीत आम्ही जायचो, मामा शेणकुटांच्या आरात कणसं भाजायचे आणि मामी गरम कणीस हातावर चोळायची. त्या ज्वारीच्या दाण्यावरचं टरफल काळं असायचं, अगदी काजळासारखं, हुरडा खाऊन झाला की आमचे तळवे काळे, ओठ काळे, आणि मामी म्हणायची, "चला गं भुतांनो, हात धुवा." दाणा आत लालसर, दुधाळ, दाताखाली चिकट. ते शेत मामांनी विकलं. आता तिथं पांढऱ्या पत्र्याचं गोदाम आहे, माझा नवरा वरद शेंद्र्याच्या कंपनीत आहे, तो जालन्याकडं जाताना त्याच्यावरून जातो. त्याला मी एकदा दाखवलं होतं, "इथं आम्ही हुरडा खायचो." तो म्हणाला, "कुठं, त्या ट्रकजवळ?"

त्या दुपारी मी करमाडचं पाकीट उघडून थोडे दाणे पांढऱ्या बशीत ओतले. मोत्यासारखे निघाले. पांढरे, टपोरे, गोल. काळं टरफल नाही, लालसर छटा नाही, एकाही दाण्यावर नाही. मी बशी खिडकीशी नेली, बोटानं दाणे फिरवले, जसं काही खालून दुसरी बाजू काळी निघेल. मग मला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचू नये असं सुचतानाच वाटलं. संग्रहाच्या पेरणीच्या प्लॉटच्या कडेनं गुरं शिरू नयेत म्हणून दरसाल मालदांडी पेरतात. मालदांडी म्हणजे घराघरात भाकरीला असते ती, बाजारात पोत्यानं मिळते ती. मी कडेच्या मालदांडीचे दाणे आणले, कोंब आणले, पानं वाटली, कुणाला न सांगता यंत्रात घातली. ती शिखरं वर आली तेव्हा खोलीत मी एकटीच होते. बिडकीन, शेंद्रा, चितेगाव, करमाड, सगळ्या गावांवर ती बेतून शिवल्यासारखी बसली. ही गावं एकमेकांची डुप्लिकेट नव्हती. प्रत्येक पाकिटात कुणीतरी बाजारातली मालदांडी भरली होती आणि वरचं नाव तेवढं राहू दिलं होतं.

बी कायमचं टिकत नाही. थंडीत ठेवलं तरी हळूहळू म्हातारं होतं, म्हणून काही वर्षांनी पाकिटातलं बी पेरायचं, नवं पीक घ्यायचं आणि नवं बी पुन्हा पाकिटात भरायचं. नोंदवहीत बघितलं, हा सगळा खण माझ्या लग्नाआधी, एकाच हंगामात पेरला गेला होता. त्या दुष्काळात. आणि त्या दुष्काळात प्लॉट कुणाकडं होता, हे मला विचारायला लागणार नव्हतं. आमच्या घरी बैठकीत भिंतीवर फोटो आहे, शाल, श्रीफळ, आणि मध्ये माझे सासरे, मधुसूदनराव, ओशाळं हसत. निरोपसमारंभात सगळे तेच बोलले म्हणे: पाटाला पाणी नाही, विहिरीला तळ, तरी या माणसानं एक वाण मरू दिला नाही. वरद मला लग्न ठरतानाच ते सांगत होता. "बाबांनी घरचं पाणी स्कूटरवर कॅन बांधून नेलं प्लॉटवर. आई चिडायची, आम्ही आंघोळीला तांब्या आणि झाडांना कॅन!" सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या, या घरात मी आले ती या गोष्टीतच आले. या संग्रहात नोकरीला लागले तेव्हा शिपायापासून सगळ्यांनी मला 'मधुसूदनरावांची सून' म्हणूनच ओळखलं.

घरी आले तर गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता आणि बाबा पाइप धरून. यंदाही तसंच साल आहे. नळाचा दिवस पुढं पुढं जातो, शहर मात्र चारी बाजूंनी वाढतंच आहे, प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर खड्डा खणलेला आणि खड्ड्याशी बोअरची गाडी धडधडते आहे. स्वराली ओट्यावर बसून टँकरमधून सांडलेल्या धारेत पाय घालत होती. "आई, पाय पाणी पितो," ती म्हणाली. मी तिला उचललं, तिचे ओले पाय माझ्या पोटावर टेकले आणि त्या थंडाव्यानं मला एकदम रडू फुटेल असं वाटलं. भिंतीपलीकडून रईसाआपांनी हाक मारली. त्यांचे रोजे चालू होते, इफ्तारच्या आधी त्या आमच्याकडं रोज काही ना काही पाठवायच्या. आज दहीवडे. "ले बेटा, कित्ता गरम मौसम है, दही खा. और इस बच्ची कू मेरे पास छोड, मेरे कू टाइम कटता नहीं शाम कू." मी वाटी घेतली. आधीच्या दोन वाट्या अजून माझ्या ओट्यावर होत्या, धुतलेल्या, पण परत गेलेल्या नव्हत्या, कारण घरात देण्यासारखं काही केलंच नव्हतं. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही. हे मला आईनं सांगितलं नाही, कुणीच कुणाला सांगत नाही, ते अंगातच असतं. काही नसलं तर चिमूटभर साखर. बाबा तर याबाबतीत फार कडक. मी एकदा घाईत वाटी तशीच भिंतीवर ठेवली तर त्यांनी धावत जाऊन तीत चार मनुके टाकले होते. धान्याचा डबा धुवायला काढला तरी तळाला मूठभर ठेवून मगच ते ओततात, आणि मग ती मूठ हातात धरून बसतात, डबा वाळेपर्यंत.

मूठ. ती मूठ मला ठाऊक आहे. स्वरालीच्या आधी मला एक मुलगी झाली होती. स्वरदा. नाव आधीच ठरलेलं होतं, मुलगी झाली तर हेच. ती थोडेच दिवस होती, तेही काचेच्या पेटीत, आणि त्या दिवसांत मी तिला बोटानं शिवले होते फक्त. तिच्या तळहातात माझं बोट मावत नव्हतं तरी तिनं ते धरलं होतं. मग वरद आणि बाबा तिला घेऊन गेले. एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. रईसाआपा माझ्या कॉटजवळ बसल्या होत्या, माझ्या पायावर हात ठेवून. संध्याकाळी बाबा परत आले. शर्टाला माती होती. घरात बाईमाणूस नाही, अशा वेळी काय करायचं असतं ते त्यांना कुणी सांगायला नव्हतं. ते माझ्यासमोर उभे राहिले, खिशात हात घातला, आणि खिशात जी होती ती ज्वारीची मूठ काढून माझ्या पदरात ठेवली. "रिकामी नको ठेवायला," एवढंच म्हणाले. मला ते दाणे त्यांच्या तोंडावर फेकावेसे वाटले. मला त्यांच्या पायांना मिठी मारावीशी वाटली. मी दोन्ही केलं नाही. पदराची गाठ मारली आणि झोपले. दुसऱ्या वर्षी स्वराली झाली तेव्हा वरदची आत्या म्हणाली, तेच नाव ठेवा, स्वरदाच म्हणा, म्हणजे काही गेलं असं वाटणार नाही. मी नाही म्हणाले. पण अगदी वेगळंही ठेवता आलं नाही, ते नाव ओठांना चिकटलेलं होतं. आणि तेव्हापासून दवाखान्यात, बालवाडीत, जिन्यात, कुणीही विचारलं, "पहिलीच का?" की मी म्हणते, "हो, पहिलीच." तेच सोपं पडतं. समोरच्या बाईचा चेहरा पडत नाही.

बाबांना विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. डुप्लिकेट लिहायचं आणि मोकळं व्हायचं. ते खोटंही नव्हतं. पाकिटांत खरोखरच एकच बी होतं. मार्करनं तेच सांगितलं होतं, मीही तेच सांगितलं असतं. देवेश सर खूश, खोली बंद, बाबांचा फोटो भिंतीवर. पण मग हिशेब असा झाला असता, की करमाडची ज्वारी आणि मालदांडी पहिल्यापासून एकच होती. म्हणजे काळ्या टरफलाची ती ज्वारी मेली असंसुद्धा झालं नसतं. ती कधी नव्हतीच, असं झालं असतं. मामीचे तळवे कशानं काळे झाले होते मग?

त्या संध्याकाळी बाबा खाली बसून स्वरालीला गहू निवडायला शिकवत होते. ती खडे ठेवत होती आणि गहू फेकत होती. "उलटं चाललंय कार्टीचं," बाबा म्हणाले, "हिला सरकारी नोकरी लागणार." मी त्यांच्या शेजारी बसले. परातीत बोटं फिरवत म्हटलं, "बाबा, करमाडची ज्वारी काळ्या टरफलाची होती ना?"

त्यांचा हात थांबला. मान वर केली नाही. "मशिननं सांगितलं?"

"मशीन एवढंच सांगतं की सगळी मालदांडी आहे."

"सांगणारच. खोटं कशाला सांगंल ते." मग त्यांनी गव्हाची एक मूठ पुढं ओढली. "टँकर आलता," ते म्हणाले. "प्लॉटसाठी मंजूर करून आणलेला. पोटऱ्यात होती ज्वारी, कणीस अजून आतच, एक पाणी मिळालं असतं तर दाणा भरला असता. मी पाइप जोडत होतो तर मागं बाया येऊन उभ्या. आपल्याच मजुरांच्या वस्तीवरच्या. माझ्या हाताखालच्या कडूबाची बायको व्हती पुढं, कडेवर लेकरू. कुणी काय मागितलं नाही, कालिंदी. भांडलं असतं तर मी बी भांडलो असतो. नुसत्या घागरी खाली ठेवून उभ्या. कडूबा माझ्याकडं बघंना. तो म्हणाला, साहेब, तुमी ज्वारीला पाजा, मी ह्यांना लावतो वाटंला. लावतो म्हणाला, आन् हालला नाय जागचा." बाबांनी एक खडा उचलला, निरखला, ताटलीत ठेवला. "पाइप काढून मी घागरीत सोडला. सगळा. नंतर घरून कॅन नेले, स्कूटरवर. त्यानं काय होतंय? जमिनीला ओलावासुद्धा दिसंना. कडंची मालदांडी तेवढी राहिली, दोन-चार ओळी. बाकी उभी वाळली. सगळी."

"मग लिहायचं ना तसं."

"लिहायला बसलो होतो मी!" आवाज चढला तसा स्वरालीनं गहू सोडून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथंच ठेवून हळू बोलायला लागले. "खण समोर घेऊन बसलो होतो. पाकिटं सगळी उघडी. नाव आहे आन् आत काही नाही. बिडकीन, शेंद्रा, करमाड. कुणी विश्वासानं दिलेलं, वाटीभर, आपल्या घरातलं. ती तशी आत ठेवायला माझा हात होईना. मग भरलं. म्हटलं, सध्या भरू. पुढल्या साली गावागावात जाऊन त्यांचं त्यांचं बी परत आणू, आन् बदलून टाकू."

"गेला होता?"

"गेलो ना. जीप नाय मागितली, एसटीनं गेलो. बिडकीनला जमीन मोजायची माणसं आलती, सगळं गाव त्यांच्या मागं. ज्वारी कोण पेरतंय आता म्हणले. करमाडला तुझ्या मामांकडं जाऊन आलो, तेव्हा तू सून व्हायची होतीस. त्यांच्याकडं बी नव्हतं. शेंद्र्याला एका म्हातारीला दया आली माझी. म्हणली, ज्वारी तं नाय बाबा, पर इतक्या लांबून आलास. आन् पिशवीत मक्याची कणसं घातली." ते हसले. त्या हसण्यात दात दिसत होते फक्त. "रिकामं नाय पाठवलं तिनं."

वरद आल्यावर मी त्याला सांगितलं, कारण न सांगता त्याच्याशेजारी जेवता येईना. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात ठेवला. "एक आहे ना सगळं? मग डुप्लिकेट लिही. विषय संपला."

"डुप्लिकेट म्हणजे नुकसान नाही असा अर्थ होतो, वरद."

"कुणाचं नुकसान? कोण येणारे मागायला? त्या शेंद्र्याच्या शेतांवर आमच्या कंपनीचं पार्किंग आहे." मग आवाज खाली आणून, बैठकीकडं बघत, "या वयात चौकशी लावणार आहेस त्यांना? आपल्या पोरीला दिवसभर सांभाळतात ते. तू नोकरी करतेस ती त्यांच्या जिवावर." हे सगळं खरं होतं. मी त्याच्या ताटात भाजी वाढली. खरं एवढं असतं, सगळीकडून असतं, आणि तरी त्यातून एक वाटी उरतेच, जिच्यात काय घालायचं ते कळत नाही. बैठकीत बाबा स्वरालीला थोपटत होते आणि काही गुणगुणत होते, शब्द नसलेलं. ते ऐकत होते हे मला ठाऊक होतं. आमचं घर लहान आहे.

सकाळी मी देवेश सरांच्या खोलीत गेले. "सर, त्या खणातल्यांपुढं मी डुप्लिकेट लिहिणार नाही. ते वाण गेलेत. दुष्काळात गेले, आणि पाकिटांत मालदांडी भरलीय." ते आधी हसले, मग त्यांनी दार लावलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला पाणी दिलं, ग्लास अर्धाच भरला, हल्ली सगळे अर्धाच भरतात. "मॅडम, डुप्लिकेट लिहिलं तर आपण जागा वाचवली. गेले लिहिलं तर आपण वाण घालवले. पाकीट तेच, बी तेच, एक शब्द इकडचा तिकडं. आणि गेले म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कुणी घालवले." थांबून म्हणाले, "तुमच्या घरातलंच आहे ना हे? मला काय, मी दोन वर्षांनी बदलून जाईन. तुम्हाला त्यांच्यासोबत राहायचंय."

"कुणी घालवले तेही लिहीन," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला, कुणा कोरड्या बाईचा. "आणि टँकर कुठं गेला तेही लिहीन."

"ते कोण वाचणारे?" देवेश सर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणून ते जास्त लागलं.

पाकिटं रिकामी करायचीत असं बाबांना मी सांगितलं तेव्हा ते दाढी करत होते. आरशातून माझ्याकडं पाहिलं, पुन्हा गालावर वस्तरा फिरवला. "चल," एवढंच म्हणाले. पांढरा शर्ट घातला, समारंभातला. स्वरालीला रईसाआपांकडं सोडलं. थंड खोलीत शिरताना मी त्यांना माझा स्वेटर देऊ केला. त्यांनी नको म्हणून मान हलवली. खण त्यांना दाखवावा लागला नाही. शिपायानं खाली स्वच्छ पोतं अंथरलं होतं आणि दारात उभा होता, आपण इथं असावं की नसावं अशा चेहऱ्यानं. बाबा खाली बसले, एकेक पाकीट उघडून पोत्यावर ओतू लागले. बिडकीन. शेंद्रा. चितेगाव. नाव वाचायचे, मग ओतायचे. पांढरी मोत्यांसारखी ज्वारी पोत्यावर पसरत गेली, कुठलं कुठलं ते दिसेना, आणि कधी दिसणारही नव्हतं. थंडीनं त्यांचे ओठ निळे पडायला लागले होते. मग माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक पाकिटाच्या तळाशी ते थोडं ठेवताहेत. मुद्दाम नाही. हातच तसा वळत होता; पाकीट तिरपं व्हायचं, आणि शेवटची चिमूट पडायच्या आत आपोआप सरळ व्हायचं.

"बाबा, पूर्ण."

"हो, हो." त्यांनी करमाडचं पाकीट घेतलं, ओतलं, आणि पुन्हा तसंच. तळाशी दाणे खुळखुळले. त्यांना तो आवाज ऐकू आला. ते पाकिटाकडं बघत राहिले आणि त्यांचा हात वळेना. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, ते पाकीट त्यांच्या बोटांतून सोडवून घेतलं. एकेक बोट उघडावं लागलं. मग मी ते उलटं केलं आणि झटकलं. शिवणीत एक दाणा अडकला होता, तो नखानं काढला. आत हात घालून पाहिला. गार, गुळगुळीत, काही नाही. तेव्हा कुठं मी ते बंद करून खणात ठेवलं, वरचं नाव दिसेल असं. बाकीचीही तशीच, एकामागून एक, मी झटकली आणि ठेवली. बाबा पोत्यावर हात टेकून बसले होते. दारातला शिपाई हळूच म्हणाला, "मॅडम, रिकामी पाकिटं कशाला ठेवताय? जागा अडंल."

"अडू दे," बाबा म्हणाले.

येताना रिक्षा मिळेना, मिळाली ती पत्र्यासारखी तापलेली. थंडीतून उन्हात आल्यानं आमच्या दोघांच्या अंगावर काटा होता. पैठण रोडला नवीन इमारतींच्या जाहिराती लागलेल्या, प्रत्येकीवर निळं पाणी आणि पाण्यात खेळणारं मूल. बाबा बाहेर बघत होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर ज्वारीची भुकटी होती, आणि माझ्या मांडीवर माझे हात, उताणे, मी ते कधी उताणे ठेवले कळलं नव्हतं. सिग्नलला रिक्षा थांबली. शेजारी शाळेची गाडी, खिडक्यांच्या जाळीतून पोरींची बोटं. बाबा त्या बोटांकडं बघत म्हणाले, "स्वरदा आता शाळेत जायला लागली असती."

स्वरालीचं नाव ठेवल्यापासून ते नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. सिग्नल सुटला, रिक्षा धक्का देऊन पुढं गेली, आणि मांडीवरचे हात मी तसेच राहू दिले.

"हो," मी म्हणाले.